पाणी धरून एकशे सव्वीस

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. कोणती वेलांटी पहिली आणि कोणती दुसरी ते मला अजून नीट कळत नाही. अक्षरही वाईट आहे, ओळ सुरू होते एकीकडे आणि संपते खाली. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी कधी कुणाच्या हाती लागली तर त्याने चुका पोटात घालाव्यात. वहीसुद्धा विकतची नाही. बारावीची मुलं परीक्षा झाली की प्रॅक्टिकलच्या जर्नल टाकून जातात. त्यात एक पान रेघांचं असतं आणि एक कोरं, आकृतीसाठी. मी रेघांच्या पानावर लिहिते आहे.

लिहायचं आहे ते सोनकांबळे सरांबद्दल. ते लातूरच्या आमच्या कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची. आमचं गाव उमरीकडचं. मालकांना लातुरात डाळ मिलमध्ये काम लागलं म्हणून आम्ही इकडं आलो. मला रोजंदारीवर कॉलेजात घेतलं. मी फार बोलत नसे. पुरुषमाणूस समोर आला की माझा आवाजच निघत नसे. सरांनी ते पहिल्या दिवशीच ओळखलं असावं, कारण ते मला काही विचारायचे तेव्हा दुसरीकडं बघून विचारायचे.

सर बुटके आणि काटकुळे होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्याला पोटाजवळ बारीक बारीक भोकं. ॲसिडचा थेंब उडाला की भोक पडतं. खिशात दोन पेन आणि एसटीच्या तिकिटांची गुंडाळी. तिकिटाच्या मागच्या बाजूला ते हिशेब करायचे. घर नांदेडला होतं आणि दर शनिवारी जाणं, सोमवारी येणं, त्यामुळे तिकिटं काही कमी पडायची नाहीत.

सगळ्यांना ते ‘तुम्ही’ म्हणायचे. अकरावीच्या पोरालासुद्धा. त्यांचं मूळ गाव हिमायतनगरकडचं, आणि शाळा झाली किनवटकडच्या एका वसतिगृहात राहून. ते एकदा म्हणाले, “तिथं मला कुणी तुम्ही म्हणलं न्हाई. मंग मीच ठरवलं, आपण म्हणायचं.”

मी कामाला लागून आठवडा झाला असेल. टेबलावरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर जांभळा डाग पडला होता. परमँगनेटचा. तो डाग कपड्यावर पडला तर जात नाही, पण मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मी काट्याची वरची ताटली काढली. आतही डाग दिसला. मग साबणाचं पाणी ओतलं, घासणीनं चोळलं, नळाखाली धरला आणि व्हरांड्यात उन्हात पालथा घातला.

सर आले. टेबल बघून म्हणाले, “काटा कुठं हाय?”

मी बोटानं दाखवलं. ते व्हरांड्यात गेले आणि काट्याजवळ उकिडवे बसले. काट्यातून अजून पाणी गळत होतं.

“डाग मात्र गेला,” म्हणाले.

ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं की काट्याची किंमत नऊ हजार सहाशे, बाईकडून वसूल करा आणि बाईला काढा. माझा महिन्याचा पगार त्याच्या निम्माही नव्हता. मी घरी सांगितलंच नाही. दोन दिवसांनी नवा काटा आला. सरांनी स्वतःच्या पैशानं आणला होता. त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर पट्टीनं अठ्ठेचाळीस चौकोन आखले होते.

“महिन्याला दोनशे,” ते खिडकीकडं बघत म्हणाले. “एक चौकोन, एक खूण. माझ्याकडं चिठ्ठी न्हाई, ही एकच हाय. तुम्हीच ठेवा.”

मी मान हलवली.

“माफ केले असते,” ते म्हणाले, “पण मंग तुम्ही मला बघून रस्ता बदलला असता.”

ते खरं होतं.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर सरांनी काळ्या रंगानं मूलद्रव्यांची यादी रंगवली होती. इंग्रजी अक्षरं आणि पुढं आकडे. मी ती फडक्यानं पुसायची. एक दिवस त्यांनी विचारलं, “बेरीज येती का?”

“येती.”

“गुणाकार?”

“पंचवीसपर्यंत पाढे येतात.”

“मंग रेणुभार तुम्हाला येतो. निस्तं कुणी सांगितलं न्हाई अजून.”

त्यांनी मला तीच यादी मराठीत लिहून दिली. हायड्रोजन एक, कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा, सोडियम तेवीस. मी विचारलं, एक म्हणजे एक काय, ग्रॅम का किलो? एवढा मोठा प्रश्न मी पुरुषमाणसाला पहिल्यांदाच विचारला असेन. सर खूश झाले. म्हणाले, बारावीच्या वर्गात हे कुणी विचारत नाही. त्यांनी डब्यातून आणलेले फुटाणे काढले आणि मला म्हणाले, उद्या घरून मूठभर ज्वारी आणा. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर दाणे ज्वारीचे मोजले आणि शंभर फुटाणे. दोन्ही नव्या काट्यावर ठेवले.

“दाणे शंभरच. वजन सारखं आलं का?”

“न्हाई.”

“अणूंचं असंच हाय. ते मोजता येत न्हाईत एवढे बारीक. म्हणून सगळ्यात हलका जो, हायड्रोजन, त्याला एक म्हणायचं, आन बाकीचे त्याच्या किती पट ते लिहायचं. मिठात एक सोडियम, एक क्लोरीन. तेवीस आन साडेपस्तीस.”

“साडेअठ्ठावन्न.”

“झालं. आता साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ आन तीनशे बेचाळीस ग्रॅम साखर घेतली तर दोन्हीकडं ते न दिसणारे दाणे सारखेच आले म्हणायचं. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.”

साखरेचा आकडा त्यांच्या तोंडात कायम असायचा, कारण त्यांना साखरेचा आजार होता. चहावाला आला की ते म्हणायचे, “माझ्यात तीनशे बेचाळीस नको.” चहावाल्याला त्याचा अर्थ माहीत झाला होता. नव्या मास्तरांना होत नसे.

दुसरी गोष्ट धुण्याच्या सोड्याची. मी यादीवरून सोड्याचा भार काढला. दोन सोडियम, एक कार्बन, तीन ऑक्सिजन. एकशे सहा. आम्ही कपड्याला वापरतो तोच सोडा, म्हणून मला फार आनंद झाला. सरांनी चिठ्ठी बघितली आणि विचारलं, “पाणी धरलं का?”

मला कळलं नाही. सोडा तर कोरडा होता.

“तुमच्या घरी सोड्याचे खडे उघडे राहिले तर काय व्हतं?”

“पीठ व्हतं त्याचं.”

“कशामुळं?”

ते मात्र मला माहीत नव्हतं. सरांनी सांगितलं, एका सोड्यामागं दहा पाणी असतात. खड्यात बसलेले असतात, दिसत नाहीत, हाताला ओले लागत नाहीत, पण वजनात येतात. एका पाण्याचे अठरा, दहाचे एकशे ऐंशी. सगळे मिळून दोनशे शहाऐंशी. म्हणजे मी इतकी वर्षं पुड्यात सोडा कमी आणि पाणीच जास्त विकत आणत होते. त्यांनी मोरचुदाचा निळा खडा नळीत घालून तापवला. तो पांढरा झाला. थंड झाल्यावर वर एक थेंब पाणी टाकलं, परत निळा.

“वसतिगृहात आमचा आचारी डाळ भिजवून मंग तोलायचा,” सर म्हणाले. “रजिस्टरात वजन बरोबर, ताटात डाळ कमी. पाणी वजनात असतं हे मला पोटानं शिकवलं. पुस्तक लई नंतर आलं.”

“पाणी धरलं का?” हे ते दिवसातून दहादा म्हणायचे. मुलं मोबाइलवर हिशेब करायची. सर म्हणायचे, “मोबाइल बेरीज करतो. पाणी धरायचं का न्हाई ते त्याला तुम्ही सांगायचं असतं.”

हळूहळू असं झालं की कोणतंही द्रावण करायचं तर सर तिकिटाच्या मागं हिशेब मांडायचे आणि तिकीट माझ्याकडं सरकवायचे. मी वरून खाली बेरीज करायची, मग खालून वर. दोन्ही सारख्या आल्या तर कोपऱ्यात बरोबरची खूण. आमच्या चौथीच्या गुरुजींनी तसंच शिकवलं होतं. सरांच्या हाताखालचे जाधव सर तरुण होते, ते हसायचे.

“सर, पेपरबी बाईंकडूनच तपासून घ्या की. बोर्डाचा खर्च वाचंल.”

सर म्हणायचे, “जाधव, तुम्ही आन मी आकडा बघून उत्तर ओळखतो. बाई ओळखत न्हाईत, बेरीज करतात. फरक हाय.”

मला ते ऐकू येऊ नये असं वाटायचं. मी नळ मोठा सोडायची.

आता त्या परीक्षेचं लिहिते. सरांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. त्यांच्या मंडळींचं नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं आणि सर रोज लातूर-नांदेड करून राहिले होते. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी ऑक्झॅलिक ॲसिडचा हिशेब तिकिटावर मांडला. दोन हायड्रोजन, दोन. दोन कार्बन, चोवीस. चार ऑक्सिजन, चौसष्ट. नव्वद. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे एका लिटरला नऊ ग्रॅम.

मी बेरीज केली. वरून खाली नव्वद, खालून वर नव्वद. पण मागच्या वर्षीच्या बाटलीवरचा आकडा मला आठवत होता. बारा पॉइंट सहा. त्या ॲसिडच्या खड्यात दोन पाणी असतात, त्यांचे छत्तीस, मिळून एकशे सव्वीस. हे मला सरांनीच शिकवलं होतं. एरवी त्यांनी ते झोपेतही सांगितलं असतं.

मी तिकीट हातात धरून उभी राहिले. सर घड्याळ बघत होते, त्यांना चारची बस गाठायची होती. मला वाटलं, आपण कोण? बाटली नवी असेल, बिनपाण्याची असेल. आणि दुसरं असं की मागचे दोन महिने मी पैसे दिले नव्हते. मुलीच्या शाळेचं निघालं होतं. चिठ्ठीवरचे निम्म्याहून जास्त चौकोन रिकामे होते. पैसे थकलेल्या माणसानं चूक काढायची कशी?

बेरीज बरोबर होती. मी खूण केली.

सरांनी नऊ ग्रॅम तोलून द्रावण केलं आणि गेले. दरवर्षी ते आदल्या दिवशी एकदा स्वतः प्रयोग करून बघायचे. त्या वर्षी वेळ नव्हता. उत्तराच्या कागदावर त्यांनी नेहमीचा आकडा लिहून ठेवला, वीस.

हा प्रयोग असा असतो. खाली चंबूत ऑक्झॅलिक ॲसिड, वर ब्युरेट म्हणजे आकडे असलेली लांब उभी नळी, तिच्यात जांभळं परमँगनेट. थेंब थेंब सोडायचं. चंबूत गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि नळीवर किती उतरलं तो आकडा लिहायचा. वर्षभर सरावात वीसच्या आसपास येतं, हे सगळ्या मुलांना पाठ असतं.

सकाळी पहिल्या बॅचला वीस मुलं होती. दुसऱ्या कॉलेजच्या एक मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. प्रयोग झाले, मुलांनी कागद दिले. सर कागद चाळत होते. सतरा मुलांनी वीस, एकोणीस पॉइंट नऊ, वीस पॉइंट एक असं लिहिलं होतं. तीन जणांनी चौदा. त्यातली एक सुनीता मडावी, किनवटकडच्या पाड्यावरची, वसतिगृहात राहून शिकणारी. तिला सर मनातून फार मानायचे, पण त्या दिवशी ते थकलेले होते.

“सुनीता, चौदा?”

“तितकंच आलं सर.”

“किती वेळा केलं तुम्ही?”

“तीनदा. चौदा पॉइंट तीन, चौदा पॉइंट दोन, परत तीन.”

“बाकीच्यांना वीस आलं.”

मॅडम म्हणाल्या, “रंग लवकर धरला असेल हिनं. घाईत होतं असं. मार्क जातील, काय करणार.”

जाधव सर म्हणाले, “वर्षभर वीस येतंय, आज चौदा कसं येईल गं? बघून तरी लिहायचं.”

“बघूनच लिहिलं सर,” सुनीता म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत, तसेच ठेवले.

मी ब्युरेट धुवायला घेतले होते. पहिला हातात घेतला आणि थांबले. त्यात जांभळं पाणी चौदाच्या खुणेवर उभं होतं. तो सुनीताचा नव्हता. दुसरा बघितला, चौदा. तिसरा, चौदाच्या जरा खाली. मी पूर्ण रांग फिरून बघितली. वीसच्या वीस नळ्या चौदावर थांबलेल्या. सगळ्यांना चौदाच आलं होतं. सतरा जणांनी नळी बघून लिहिलंच नव्हतं, पाठ होतं ते लिहिलं होतं.

मी नळ बंद केला. साडीला हात पुसले आणि सरांजवळ गेले. मॅडम होत्या, जाधव सर होते, वीस मुलं होती. मी कधी एवढ्या लोकांत बोलले नव्हते.

“सर, पाणी धरलं न्हाई.”

सरांनी वर बघितलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा थेट माझ्या तोंडाकडं बघितलं. मग खिशातली तिकिटं काढली, कालचं शोधलं. त्यावरचं नव्वद वाचलं. मग उठले आणि नळ्यांच्या रांगेशी गेले. प्रत्येक नळीच्या मागं पांढरा कागद धरून मोठ्यानं आकडा वाचला. चौदा पॉइंट तीन. चौदा पॉइंट दोन. चौदा पॉइंट चार. वीसही नळ्या वाचल्या. मुलं खाली बघत होती.

“चूक माझी हाय,” सर म्हणाले. “मी द्रावण कमी वजनाचं दिलं. चौदा बरोबर हाय. या तिघांचं बरोबर हाय.”

जाधव सर हळू आवाजात म्हणाले, “सर, ताणू नका. सगळ्यांना वीसच धरू. त्या तिघांनाबी पूर्ण देऊ. कुणाचं नुकसान न्हाई, तुमचंबी न्हाई.”

“मंग ज्यानं बघितलं तो आन ज्यानं न्हाई बघितलं तो, एकच?”

“निवृत्तीला वर्ष राहिलंय सर.”

“तेच म्हणतोय मी. एकच वर्ष राहिलंय.”

सरांनी नवं द्रावण केलं. बारा पॉइंट सहा ग्रॅम. तिकीट मला दिलं, मी बेरीज केली. मॅडमनी वर फोन करून परवानगी विचारली. दुपारच्या बॅचनंतर पहिल्या बॅचनं परत प्रयोग केला. यावेळी प्रत्येक मूल नळीला डोळा लावून उभं होतं. सरांना खुलासा लिहून द्यावा लागला. तो त्यांच्या फायलीत लागला, असं क्लार्क सगळ्यांना सांगत होता. हिशेब मी तपासला होता असं त्यांनी खुलाशात काही लिहिलं नाही. माझी खूण असलेलं तिकीट त्यांनी जोडलं नाही.

म्हणून संध्याकाळी मीच सांगितलं. “सर, मला कालच दिसलं होतं.”

“दिसलं होतं?”

“हाव.”

“मंग काहून बोलल्या न्हाई?”

“तुमचे पैसे हाईत माझ्याकडं.”

सर खुर्चीत बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, ते नऊ हजार सहाशे काट्याचे हाईत,” ते म्हणाले. “तुमच्या तोंडाचे न्हाईत.”

एवढंच. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिकीट परत माझ्याकडं सरकवलं, पहिल्यासारखंच.

सुनीताला किती मार्क मिळाले ते मला माहीत नाही. दाखला न्यायला आली तेव्हा ती प्रयोगशाळेत डोकावली. सर नव्हते. माझ्याजवळ उभी राहून तिनं चार-पाच परीक्षानळ्या धुवून दिल्या आणि गेली.

सर निवृत्त होऊन नांदेडला गेले तेव्हा माझे तेरा चौकोन राहिले होते. मी विचारलं, फोनवरून पाठवू का? ते म्हणाले, हातात द्या, खूण मी करणार. मग मी उमरीला माहेरी जाताना नांदेडला उतरायची आणि जेवढे जमतील तेवढे देऊन पुढची गाडी धरायची. कधी एक चौकोन, कधी तीन. त्यांच्या मंडळी आता बऱ्या झाल्या होत्या. त्या मला भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

या पंचमीला गेले तेव्हा एकच चौकोन राहिला होता. सर जास्त वाळले होते. शर्ट मात्र तेच, भोकांचे. मंडळींनी तीन कप बिनसाखरेचा चहा आणला, साखरेचा डबा आणला आणि त्या भाकरी बघायला आत गेल्या. सरांनी आतल्या दाराकडं बघितलं. मग हळूच डब्यातून एक चमचा भरून आपल्या कपात टाकला. दुसरा भरला.

दोनशेची नोट माझ्या मुठीत होती. अजून दिली नव्हती.

“सर,” मी म्हणाले, “तीनशे बेचाळीस.”

चमचा तिथंच थांबला. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग मुठीतल्या नोटेकडं. चमचा परत डब्यात उपडा केला आणि कप माझ्या बाजूला सरकवला.

“पैसे फिटायच्या आधीच बोलल्या,” म्हणाले.

मी त्यांचा गोड चहा घेतला आणि माझा बिनसाखरेचा त्यांना दिला. मग नोट त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, घडी केली, तिकिटांच्या गुंडाळीत ठेवली. ती राहू द्या असं म्हणाले नाहीत. मी चिठ्ठी पुढं केली. घड्यांवर ती फाटली होती, मी मागून कागद चिकटवला होता. शेवटच्या चौकोनात त्यांनी खूण केली आणि चिठ्ठी माझ्याकडं फिरवली.

“बेरीज करा.”

मी वरून खाली केली, मग खालून वर. नऊ हजार सहाशे. कोपऱ्यात मी बरोबरची खूण केली.